नावं घालायचा रविवार

ते साल दोन हजार तेवीस. दीक्षाचं लग्न बुद्धपौर्णिमेला धरलं होतं, आणि त्या वर्षी जयंती रमजानमध्ये आली होती. त्यामुळे कामतघरच्या त्या गल्लीत एका टोकाला निळे झेंडे आणि दुसऱ्या टोकाला संध्याकाळी इफ्तारीच्या भज्यांचा वास, असा सगळा एप्रिल गेला. ईद झाली, झेंडे उतरले, आणि महिन्याचा शेवटचा रविवार भांड्यांवर नावं घालायला ठरला.

मीराबाईच्या घरात हा दिवस लग्नाच्या खालोखाल मोठा. मुलीला द्यायचं प्रत्येक भांडं ओट्यावर यायचं, देणाऱ्याचं नाव त्यावर पडायचं, घेणारीचं पडायचं, आणि मग ते खोक्यात भरलं जायचं. एकदा नाव पडलं की दुकानदार भांडं परत घेत नाही. म्हणून नावाच्या आधी पारख. ते काम पहिल्यापासून मीराबाईचं. तिच्या नणंदांच्या भांड्यांपासून दिराच्या मुलींपर्यंत, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय या ओट्यावरून वाटीसुद्धा कुणाच्या सासरी गेली नव्हती.

गुडघ्यांसाठी आठवडाभर ती वज्रेश्वरीला धाकट्या बहिणीकडे राहायला गेली होती. रोज सकाळी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं आणि दुपारी बहिणीशी जुन्या गोष्टींवरून भांडायचं. त्या रविवारी सकाळच्या एसटीने ती परत आली, रिक्षातून उतरली आणि गल्लीतूनच तिला ओट्यावरची चादर दिसली. चादरीवर भांडी मांडलेली, मधोमध मोठा खोका, आणि खिडकीतून वायर ओढून नावं घालायचं मशीन लावून बसलेला रघू. भिंतीला टेकून खुर्चीत यादव, तिचा नवरा. बशीतून चहा पीत होता. तिला बघून त्याने बशी थोडी उचलली. आलीस, बरं झालं, एवढा त्याचा अर्थ.

"आई, आधी चहा घ्या, मग बघा," थोरली सून हेमाली म्हणाली. नवरीची आई ती. सकाळपासून तिच्या अंगात दहा बायकांचं बळ आलं होतं.

"चहा कुठं पळून चाललाय," मीराबाई चादरीच्या कडेला बसत म्हणाली. "खोका सोड."

खोक्यात एकावन्न नगांचा संसार सेट होता. हेमालीने एकेक नग कागदातून काढून पुढे ठेवला. उन्हात सगळं असं लखलखलं की धाकटी सून उन्नती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "ताई, गॉगल द्या."

मीराबाईने कढई घेतली. उलटी केली. अंगठा बुडाच्या मध्यावर ठेवून दाबला. टक्क असा आवाज आला.

"हिचं बूड बोलतंय."

"बोलतंय म्हणजे?" दीक्षाने विचारलं.

"दाबलं का आत जातं, सोडलं का वर येतं. असल्या बुडात भाजी लागते. दोन वर्षांत मधोमध काळा चांदवा धरंल." तिने कढई बाजूला सरकवली आणि झाकण घेतलं. झाकणाची मूठ बोटांत फिरली. "हे बोंडूक स्क्रूवर हाय. सैल झालं का आमटीत."

"आई, गॅरंटी आहे त्याला," धाकटा मुलगा ओमकार दारातून म्हणाला.

"कुणाला? बोंडकाला का आमटीला?"

रघू हसला. हेमाली हसली नाही. तिने कुकर पुढे केला. मीराबाईने तो दोन्ही हातांनी उचलला, वजन घेतलं, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कानाजवळच्या जोडावरून नख फिरवलं.

"हा चांगला हाय. हा कुणी निवडला?"

"मीच," हेमाली म्हणाली. "तो वेगळा घेतला."

"मंग बाकीचं कुणी निवडलं?"

"बाकीचं निवडायचं नसतं, आई. सेटमध्येच येतं."

मीराबाईने सेटकडे एकदा असं पाहिलं, जसं न बोलावता जेवायला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं. थोरला मुलगा सुमित, हेमालीचा नवरा, उगाच मशीनची वायर सरळ करू लागला. बायको आणि आई यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला वायर, नळ, बल्ब असलं काहीतरी सापडायचंच.

"आज्जी," दीक्षा म्हणाली, "मला एवढं नकोच आहे. पनवेलची आमची खोली केवढी, प्रितेश म्हणतो कपाट ठेवलं तर आपण बाहेर झोपू. मला हा कुकर दे, एक भाकरीचा तवा दे, आणि तुझा टोप. तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आण जा. जिन्याखाली हाय."

तो टोप मीराबाईचा या भिवंडीतला पहिला टोप. लग्न होऊन ती कामतघरला आली तेव्हा यादव याच गल्लीतल्या मजीदच्या वडिलांच्या कारखान्यात लूमवर, आणि तीही तिथेच कांड्यांवर सूत भरायला. गल्लीतल्या बायका तेव्हा पितळ मोडीत घालून स्टील आणत होत्या. स्टील घासायला सोपं, दिसायला नवं. मीराबाईला मात्र पितळेचाच टोप हवा होता, जाड बुडाचा, काठ वळवलेला, कान रिव्हेटने ठोकलेले. शुक्रवारी लूमला सुट्टी. दर शुक्रवारी ती तीन बत्तीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात जायची, तोच टोप उचलायची, वाजवायची, काठावरून अंगठा फिरवायची आणि ठेवून द्यायची. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, बाई, उचलून उचलून झिजवाल तो. ती म्हणाली, झिजला तर घेणार न्हाय. झिजला नाही. मग घेतला. पुढे सुमितच्या नामकरणाचा भात त्यात शिजला, ओमकारच्या नोकरीचा शिरा त्यात झाला, आणि दर बुद्धपौर्णिमेला गल्लीभर वाटायची खीर दुसऱ्या कशात कधी झाली नाही. या वर्षी त्याच दिवशी दीक्षाचं लग्न. लग्न होऊन जाताना टोप तिच्या बरोबर जायचा, असं मीराबाईने दीक्षा शाळेत होती तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मीराबाईने दिलेला शब्द आणि मीराबाईने घेतलेलं भांडं, दोन्ही सारखीच टिकतात असं घरात म्हणायची पद्धत होती.

दीक्षा परत आली ती रिकाम्या हातांनी. "आज्जी, जिन्याखाली काहीच नाहीये. सगळं मोकळं आहे."

मीराबाईने हेमालीकडे पाहिलं. हेमालीच्या हातात एक वाटी होती, ती तिने फार सावकाश खाली ठेवली.

"तिथलं मी मोडीत दिलं," ती म्हणाली. "गुरुवारी. सेट आणला तेव्हा दुकानाचा माणूस हातगाडी घेऊन आला होता. म्हटलं, जिन्याखाली जुनी भांडी आहेत, सगळी घेऊन जा. चेपलेली पातेली, कान तुटलेली तपेली... मी आत वाकून बघितलं नाही. टोप तिथेच होता का?"

"तिथंच होता. कल्हई गेलेली म्हणून बाजूला ठेवला होता मी."

"मग तोही गेला असेल," हेमाली म्हणाली. "काळाच पडला होता ना तो. गेलाच असेल."

सुमितने लगेच दुकानात फोन लावला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने दोनदा बरं म्हटलं, एकदा हो का म्हटलं, आणि फोन खिशात ठेवला. "मोड शुक्रवारीच वितळवायला गेली म्हणतात. त्यांना आठवत नाही काय काय होतं."

"मी ताईंना म्हटलं होतं," उन्नती सासूच्या बाजूला सरकत म्हणाली, "की आईंना एकदा फोन करा."

हेमाली गर्रकन वळली. "तू म्हणालीस? तू म्हणालीस जिना मोकळा झाला की माझी शिलाई मशीन तिथे बसेल. हेच म्हणालीस, दुसरं काही नाही."

"जागेचं म्हटलं, टोप द्या नाही म्हटलं."

"वहिनी, पण विचारायचं तरी," ओमकार म्हणाला.

"कुणाला विचारू? घरात असतं कोण? तू बँकेत, हे गोदामावर. बाबांना विचारलं असतं तर त्यांना ऐकू गेलं असतं का?" हेमालीने पदर खोचला आणि पुन्हा सोडला. "सगळे मलाच धरा. माझी चूक आहे, आहेच. पण मी का केलं ते पण ऐका. मी शेलार गावावरून या घरात आले तेव्हा माझी भांडी पण याच ओट्यावर मांडली होती. माझ्या आईने स्वतःच्या चुलीवरची उतरवून दिलेली. आणि यांच्या मोठ्या आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, भंगारवाल्याची मुलगी केली का म्हणून. ते मी इतकी वर्षं विसरले नाही. माझी मुलगी पनवेलला जाईल तेव्हा तिच्या भांड्यांना कुणी बोट लावू नये, एवढंच मला पाहिजे होतं. लखलखीत पाहिजे होतं सगळं."

उन्नतीने सासूजवळून हळूच उठून जावेजवळ जागा घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. रघूने, काहीतरी करायला हवं म्हणून, एका चमच्याजवळ मशीन नेलं आणि ते घरघरू लागलं.

"थांब रे," सुमित ओरडला.

मीराबाईच्या तोंडात शब्द आला होता. कडू शब्द होता, आणि तो एकदा बाहेर पडला की दीक्षाचं लग्न होईल, नातवंडं होतील, तरी तो या ओट्यावर तसाच पडून राहील हे तिला कळत होतं. मोठ्या वन्संचा राहिला तसा. पण टोप गेला होता. वितळला होता. तिने तो शब्द गिळायचा म्हणून मान फिरवली, आणि समोर यादव दिसला.

यादवला यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. सारा जन्म लूमच्या खडखडाटात गेल्यावर कान राहतात ते नावाला. कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते त्याने फडताळात ठेवून दिलं होतं. इतका वेळ सगळ्यांची तोंडं हलताना बघून त्याला वाटत होतं लग्नाची बोलणी चालली आहेत, आणि तो प्रत्येकाकडे बघून मान डोलावत होता. आता बायकोचा चेहरा बघून त्याने बशी खाली ठेवली आणि भुवया उंचावल्या. काय झालं?

कारखान्यात तोंडाने बोलून काही उपयोग नसे. तिथे सगळं हातांनी चाले. धागा तुटला, बीम संपला, शेठ आला, चहा सांगू का, प्रत्येकाची खूण ठरलेली. मीराबाई आणि यादव यांचं अर्धं लग्न त्याच खुणांवर झालं होतं. तिने दोन्ही हात टोपाएवढे गोल धरले, कानांच्या जागी बोटं वळवली, आणि मग तळवे उघडे करून वाऱ्यावर सोडले. टोप गेला.

यादवने मान हलवली. नाही. आणि त्याने उजव्या हाताचं बोट नाकपुडीच्या बाजूला टेकवलं.

मीराबाई बघतच राहिली. ती खूण तिने किती वर्षांत पाहिली नव्हती. मजीदची नवी नवरी रशिदा कारखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या नाकात एवढी मोठी चमकी होती की साऱ्या लूमवाल्यांनी तिची तीच खूण करून टाकली होती.

तिने पुन्हा विचारलं, बोट नाकाशी नेऊन. रशिदा?

यादवने हो म्हटलं. मग त्याने दोन बोटांनी चंद्रकोर काढली, हाताने ढवळल्यासारखं केलं, आणि स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला. ईदला. शिरखुर्म्याला. मीच दिला.

"काय म्हणतायत आबा?" दीक्षाने विचारलं.

मीराबाईने हेमालीचा हात धरला, इतका घट्ट की बांगड्या रुतल्या. "उठ. रडू नको. टोप वितळला न्हाय. रशिदाकडे हाय. ईदच्या आधीच तिची सून हफसा मागायला आली असंल, यांनी काढून दिला. तुझी हातगाडी यायच्या आधी."

सुमित भिंतीला टेकला आणि खाली बसला. उन्नती हसायला लागली, तिचं बघून दीक्षा, आणि शेवटी ओमकारला इतकं हसू आलं की तो खोक्यावरच बसला आणि खोका चेपला. हेमाली मात्र अजून रडतच होती, पण आता ते रडणं वेगळं होतं, मोकळं.

"बाबा," सुमित वडिलांच्या कानाशी जाऊन ओरडला, "सांगायचं ना."

"कुणी विचारलं?" यादव म्हणाला. "मला कोण काय विचारतं या घरात?" आणि त्याने बशी पुन्हा उचलली.

मीराबाईने सुनेचा हात सोडला नव्हता. "हेमाली, मी रोज पीठ कशात मळते?"

"परातीत."

"कुणाच्या?"

हेमालीने नाक पुसलं. "माझ्या आईच्या."

"तू आलीस तेव्हापासून तीच. वन्संनी नावं ठेवली त्या दिवशी संध्याकाळी मी ती परात वाजवून बघितली होती. या घरातली एक परात तिच्यापुढं उभी राहत न्हाय. तुझ्या आईला निवडता येत होतं. कुकर बघून वाटलं, तुलाबी येतं. सेटमधी कशाला पडलीस?"

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. "अगो मीरा, आलीस काय वज्रेश्वरीवरनं?" रशिदा येत होती, मागे तिचा नातू साद, आणि त्याच्या दोन्ही हातांत टोप, वर फडकं बांधलेलं. सादचा चेहरा वजनाने लाल झाला होता.

"ईद झाली आणि मी पडघ्याला माहेरी गेले ना, म्हणून राहून गेला बघ," रशिदा ओट्यावर चढत म्हणाली. "आणि रिकामा टोप कसा पाठवायचा? हफसाला बोलले, सांदणं करू, मग देऊ. माफ कर हां, मी तुला न विचारता कल्हई पण केली. उसमे दूध फाटलं असतं गो."

फडकं सोडलं तेव्हा वाफेचा आणि नारळाच्या रसाचा वास सुटला. तांदळाची पांढरीशुभ्र सांदणं काठोकाठ भरली होती. मीराबाईने ती एका ताटात काढून घेतली आणि टोप उलटा करून उन्हात धरला. आतून चांदीसारखा, बाहेरून तसाच, जुना, पिवळा. तिने बुडावर अंगठा दाबला. टोप बोलला नाही.

"काय झालं?" रशिदाने सगळ्यांचे चेहरे बघून विचारलं. "कोण मेलं काय?"

"तुझ्या चमकीनं वाचवलं," मीराबाई म्हणाली.

"माझ्या चमकीचं काय?" ती खूण तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती. यादवने ती पुन्हा करून दाखवली, तेव्हा रशिदा आधी रागावली, मग म्हणाली, "इतकी वर्षं? मजीदला पण माहीत होतं?" आणि यादवने आनंदाने मान डोलावली.

रघूने मशीन पुसलं. "मावशी, घालू का नाव? टोपावर काय घालायचं? मीराबाईंकडून?"

टोपाच्या काठाखाली जुन्या पद्धतीने छिन्नीने ठिपके देत कोरलेलं मीराबाईचं नाव होतं, अर्धं पुसट. तिने त्यावर बोट फिरवलं.

"ते हाय तसंच राहू दे. त्याच्या खाली घाल, चि. सौ. कां. दीक्षा हिस, हेमालीकडून."

हेमाली म्हणाली, "आई, टोप तुमचा आहे."

"माझा होता तो तुझा झाला, तुझा तू लेकीला दिलास. मधली पायरी सोडून कसं चालंल? घाल रे रघू. ठळक घाल, पनवेलला लांबून दिसलं पाहिजे."

मशीन घरघरू लागलं. दीक्षाने हळूच आजीच्या कानात विचारलं, "आणि ती परात?"

"ती मी मेल्यावर," मीराबाई म्हणाली. "आत्ता सांदण खा."

सेटवर नावं घातलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी हेमाली आणि मीराबाई दोघी मिळून तो परत करायला गेल्या. दुकानदाराने कुरकुर केली, पण चेपलेल्या खोक्याबद्दल ओमकारने फोनवर काय सांगितलं कुणास ठाऊक, घेतला एकदाचा. त्याच्या बदल्यात हेमालीने एकेक वस्तू निवडली. बिडाचा तवा, जाड बुडाच्या दोन कढया, घट्ट झाकणांचे डबे, सागवानी पोळपाट. सासू बाहेर रिक्षात बसून राहिली आणि एकदाही आत गेली नाही.

खीर बुद्धपौर्णिमेला त्याच टोपात झाली. उन्नतीला जिन्याखालची जागा मिळाली. आता तिथे दोन शिलाई मशीनी आहेत आणि गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे असतात. ओमकारने पुढे शेलारला फ्लॅट घेतला, पण रविवारी जेवायला इथेच येतो. सुमित अजून भांडण सुरू झालं की वायर शोधतो. रशिदाचे गुडघे गेले, तेव्हापासून दोघी मैत्रिणी बरोबरच वज्रेश्वरीला जातात आणि कुंडाच्या काठावर बसून आपापल्या सुनांची तारीफ करतात, जी सुनांच्या कानावर कधी जात नाही. हेमालीला आता गल्लीतल्या मुली लग्न ठरलं की भांडी दाखवायला बोलावतात. ती बुडावर अंगठा दाबते.

यादव पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला. शांतपणे, दुपारी, खुर्चीत. मीराबाईला वाटलं होतं त्या खुणा आता त्याच्याबरोबर गेल्या.

पण लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती तेव्हा दीक्षाने आबांकडून त्या शिकून घेतल्या होत्या. पनवेलच्या तिच्या घराखाली बाजार आहे, फोनवर गोंगाटाने काही ऐकू येत नाही. म्हणून रविवारी व्हिडीओ लावला की मीराबाई आधी दोन्ही हात गोल धरते, बोटं कानांसारखी वळवते आणि तळवा उलटा करते. टोप कुठाय?

दीक्षा कधी मागे गॅसकडे बोट दाखवते. कधी खांद्यावरून शेजारच्या दाराकडे अंगठा करते आणि हसते. तसं असलं की मीराबाईही हसते, आणि हाताने विचारते, काय भरून येणार आहे?